पीडीएम पोटॅश: पोत्याचा नव्हे, किलोचा भाव विचारा

बेळगावकडच्या चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी भागातल्या खतांच्या दुकानांत नेहमीच्या लाल पोटॅशच्या (एमओपी) शेजारी करड्या-काळपट खताची पोती दिसू लागली आहेत. त्यावर लिहिलेलं असतं ‘पीडीएम’, म्हणजे साखर कारखान्यातल्या मळीपासून (मोलॅसिसपासून) काढलेलं पोटॅश. दुकानदार दोन गोष्टी सांगतो: स्वस्त आहे आणि सेंद्रिय आहे. पहिली अर्धी खरी, दुसरी चुकीची.

हे खत येतं कुठून? ऊस जमिनीतून भरपूर पोटॅश उचलतो. ते रसात जातं, साखर निघाल्यावर मळीत उरतं, आणि मळीपासून इथेनॉल काढल्यावर डिस्टिलरीच्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंट वॉशमध्ये राहतं. ते आटवून बॉयलरमध्ये जाळलं की राख उरते, तीच पोत्यात भरतात. आपल्याच रानातलं पोटॅश परत रानात, ही कल्पना चांगली आहे. त्यात देशात लागणारं लाल पोटॅश सगळं बाहेरून येतं. २०२१ मध्ये केंद्राने पीडीएमला अनुदानाच्या यादीत घेतलं. पण राख ती राखच. सेंद्रिय कर्ब जळून गेलेला असतो, त्यामुळे हे घातलं म्हणून शेणखत किंवा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) कंपोस्ट बंद करायचं नाही.

आता हिशेब. लाल पोटॅशमध्ये ६० टक्के पोटॅश असतं, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात ३० किलो. पीडीएममध्ये सरकारी मानकानुसार किमान १४.५ टक्के, म्हणजे पोत्यात ७.२५ किलो. एका लाल पोत्याच्या जागी चार पोती लागतात. दुकानात उभं राहूनच भागाकार करा: लाल पोत्याच्या किमतीला ३० ने भागा, पीडीएमच्या किमतीला ७.२५ ने. समजा लाल पोतं १,५०० रुपयांना आहे, तर किलोला ५० रुपये पडले. मग पीडीएमचं पोतं ३६२ रुपयांच्या वर गेलं की ते महाग. त्यात गाडीभाडं आणि हमाली धरा, कारण वजनही चौपट आहे. तुलनेसाठी, २०२४ च्या जानेवारीत कारखान्याने खत कंपनीला द्यायचा भाव टनाला ४,२६३ रुपये ठरला होता, म्हणजे पोत्याला साधारण २१३. त्यामुळे दुकानात चारशेच्या पुढे भाव ऐकला तर घासाघीस करायला हरकत नाही.

सुरू उसाला (हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या) हेक्टरी ११५ किलो पोटॅश ही कोल्हापूरकडची मात्रा निपाणी-चिकोडी पट्ट्यात बरेच जण धरतात. एकरी ती ४६ किलो होते: पीडीएमची सव्वासहा पोती, किंवा लालची दीड. निम्मं लागणीला, निम्मं मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला मातीची भर लावताना. धारवाडच्या कृषी विद्यापीठाची शिफारस वेगळी आहे, म्हणून माती तपासणीच्या कार्डावरचा आकडा शेवटचा. आणि कार्डावर पोटॅश ‘जास्त’ दिसत असेल, जे काळ्या रानात नेहमीचंच आहे, तर ना लाल घ्या ना काळं.

घालताना चुका कुठे होतात? पहिली, युरिया किंवा डीएपीत कालवून टाकणं. राख अल्कधर्मी असते. ओल लागताच अमोनिया उडतो, नाकाला झोंबतो, म्हणजे नत्र हवेत गेलं. खतं वेगवेगळी टाका, मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या. दुसरी, बेण्याच्या कांडीवर थेट ओतणं. क्षारांनी कोंब करपतात. सरीच्या बगलेला टाकून मातीआड करा, लगेच पाणी द्या. तिसरी, ठिबकमधून सोडणं. ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून पाहा, खाली गाळ बसतो. तो भेसळीचा नाही, राखेचाच आहे, पण फिल्टर आणि ड्रिपर बुजवायला पुरेसा. चौथी, पावसाळ्यात पोती जमिनीवर ठेवणं. हे खत दमट हवेतली ओल ओढतं आणि दगडासारखं होतं. फळ्यांवर ठेवा, आतली प्लास्टिक पिशवी घट्ट बांधा, फोडलेलं पोतं त्याच दिवशी संपवा. भुकटीपेक्षा दाणेदार घेतलेलं बरं. भुकटीच मिळाली तर वारा नसताना, तोंडाला फडकं बांधून टाका.

जमीन पाहून ठरवा. खानापूरच्या तांबड्या, आम्लधर्मी, पावसाने धुतलेल्या रानात हे खत सगळ्यात शोभतं. कृष्णाकाठच्या खारवट, चोपण रानात मात्र क्षारावर क्षार नको. निपाणीच्या तंबाखूवर तर टाकूच नका: यातल्या क्लोराइडने पान नीट जळत नाही, आणि तंबाखूचा भाव त्या जळण्यावरच ठरतो.

खरेदीला पक्की पावती घ्या. पोत्यावर १४.५ टक्के, निव्वळ ५० किलो आणि बॅच नंबर वाचा. मजकूर कन्नड-इंग्रजीत असला तरी आकडे वाचता येतात. ट्रॉलीतून सुटी विकली जाणारी बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख वेगळी. तिच्यात बहुतेक सिलिका असते. प्रेसमड घेतलं तर ढिगात हात घालून पाहा: गरम किंवा वासाचं असेल तर कच्चं आहे, त्यावर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

आपल्या रानात हे खत चालतं का, ते पाहायची सगळ्यात कमी खर्चाची पद्धत म्हणजे पाच गुंठ्यांचा पट्टा. त्याला ४० किलो पीडीएम लागतं, लागणीला २० आणि बांधणीला २०. शेजारच्या पाच गुंठ्यांत साडेनऊ किलो लाल, त्यापलीकडे पाच गुंठे पोटॅशशिवाय, बाकी सगळं सारखं. तोडणीला तिन्ही पट्ट्यांची ट्रॉली वेगळी काढून वजन करायला टोळीला आधीच सांगावं लागतं. मोळ्या एकदा एकत्र पडल्या की वर्षभराची चाचणी वाया जाते.