आंब्याच्या लाकडाचे वाडगे आणि स्पिरिटचे रंग: आठ महिन्यांनंतर

मागच्या ऑक्टोबरात नागपूरच्या इतवारीतून लाकडाच्या रंगांच्या चार पुड्या आणल्या: काळा, मधाळ पिवळा, लाल आणि निळा. स्पिरिटमध्ये विरघळणारे, मेटल कॉम्प्लेक्स जातीचे (म्हणजे रेणूत धातू जोडलेले) रंग. प्रत्येकी 50 ग्रॅम, मिळून 800 रुपयांच्या आत. तेव्हापासून खरादीवर (लेथवर) 23 वाडगे उतरवले. त्यातले 9 दाखवण्यासारखे झाले, बाकीचे आईने कुंड्यांखाली ठेवायला नेले. हे आधीच सांगून टाकतो, कारण व्हिडिओत हे काम पाच मिनिटांचं दिसतं.

लाकूड आंब्याचं. लकडगंजच्या आरामशीनवर आंबा म्हणजे पेट्यांचं लाकूड, त्याला कोणी फारसा भाव देत नाही. पण खोडाला दोन फांद्या फुटतात तो बेचक्याचा तुकडा मागून घ्या. तिथले तंतू सरळ जात नाहीत, नागमोडी जातात. घासून गुळगुळीत केलेला वाडगा हातात फिरवला की धूपछाव साडीसारखी उजेडाची पट्टी त्यावरून सरकते. जिथे तंतूंची तोंडं वर आलेली असतात तिथे लाकूड रंग घटाघटा पितं. जिथे तंतू आडवे निजलेले असतात तिथे रंग वरवर राहतो. सगळी करामत या फरकाची. ऑइल पेंट किंवा पिवडी-गेरूसारख्या रंगाचे कण लाकडावर बसून राहतात आणि खालचं झाकतात. हे रंग विरघळून आत जातात, म्हणून लहर झाकली जात नाही. सागावर मात्र वाया. त्याचा मूळचा रंगच इतका गडद की काळ्याशिवाय काही उठत नाही.

पहिले दोन महिने मी रंग लावत होतो. नंतर कळलं की काम रंग काढण्याचं आहे. 200 मिली स्पिरिटमध्ये 3 ग्रॅम काळा घालून अख्खा वाडगा डांबरासारखा करायचा. वाळला की 320 नंबरच्या पॉलिश पेपरने घासत सुटायचं, जवळजवळ सगळा काळा निघून जाईपर्यंत. तंतूंच्या तोंडांत मुरलेला तेवढा उरतो आणि लहर कोरल्यासारखी दिसू लागते. मग त्यावर पातळ पिवळा. पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी वाडगा घेऊन थेट आमच्या गल्लीतल्या पॉलिशवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाडगा उन्हात तिरपा धरला आणि म्हणाले, "बाप्पा! मी चाळीस वर्षं डाग लपवून राहिलो, अन् तू काळं फासून दाखवून राहिला!"

डाग दिसतात हे मात्र खरं. कोऱ्या लाकडावर 120 नंबरचा ओरखडा डोळ्यांना दिसत नाही. काळा लावला की नांगरलेल्या शेतासारखा उठतो. हत्याराने तंतू उपटले गेले असतील तर तिथे काळा धब्बा पडतो. भेग बुजवायला झटपट चिकटणारा गोंद वापरला असेल तर तिथे रंग धरतच नाही, पांढरा ठिपका राहतो. शिवाय आडव्या फळीतून वाडगा काढला की समोरासमोरच्या दोन बाजूंना तंतूंची तोंडं येतात आणि त्या बाजू हमखास गडद होतात. त्यावर माझा उपाय एवढाच की तिथे आधी कोरं स्पिरिट फिरवायचं, म्हणजे लाकडाची तहान थोडी भागते.

आता आपल्या उन्हाळ्याबद्दल. एप्रिलच्या मध्यापासून दुपारी स्पिरिटचे रंग लावूच नका. फडकं अर्ध्या वाडग्यापर्यंत पोचेतो मागचा भाग वाळलेला असतो आणि जोडावर पट्टा उमटतो. मी पहाटे पाचला गच्चीवर काम करायचो, ते बरं पडलं. एक वाडगा लवकर गार व्हावा म्हणून कूलरसमोर ठेवला होता. ओल्या वाऱ्याने दोन दिवसांत तो असा लंबगोल झाला की टेबलावर ठेवला तर पाळण्यासारखा डुलतो. भाचीला तो फार आवडला.

पॉलिशचा घोळ मी तीनदा घातला. घरात चपडा होता, पळसा-कुसुमावरच्या लाखेचा, म्हणून तोच स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने मारला. रंगही स्पिरिटचाच, तो पुन्हा सुटला आणि लाल-काळ्याचा चिखल झाला. दुसऱ्यांदा जवसाचं तेल. पिवळ्या-लाल वाडग्यावर ते सुंदर खुललं. निळ्यावर तेलाचा पिवळेपणा चढला आणि मोरपिशी हवा होता तो शेवाळी झाला. (तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, बोळा आपोआप पेटू शकतो. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.) तिसऱ्यांदा लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निशासारखा लेप, एकदम जाड फवारला आणि ओघळ आले. आता पातळ फवारे मारतो, दोन फवाऱ्यांमध्ये वेळ सोडतो, आणि रंग जागचा हलत नाही.

हे रंग उन्हात किती टिकतात, हे पाहायला फेब्रुवारीत लाकडाची एक रंगवलेली पट्टी पश्चिमेच्या खिडकीत ठेवली, अर्धी काळ्या कागदाने झाकून. मेअखेर कागद काढला. काळा आणि पिवळा जवळपास जसेच्या तसे. लाल थोडा विटला. शेजारी कुतूहल म्हणून पॉलिशच्या दुकानातला सुटा, स्वस्त गुलाबी लावला होता, तो पार उडाला. झाकलेला भाग राणी कलर आणि उघडा भाग मळक्या बनियनसारखा. म्हणून दुकानदाराला नुसतं "स्पिरिट कलर" सांगू नका, मेटल कॉम्प्लेक्स आहे का ते विचारून घ्या.

खाण्याच्या वस्तूंसाठी मी हे वाडगे कोणाला देत नाही. वर लॅकर असला तरी नाही. बायकोने संक्रांतीला तिळगुळाला एक मागितला होता, तेव्हा बिनरंगी दिला आणि दोन दिवस टोमणे ऐकले. हातमोजे वापरा हेही तिचंच म्हणणं. चुलतभावाच्या साखरपुड्यात मी निळ्या बोटांनी पेढे वाटले होते.

पुन्हा घ्यायचं झालं तर काळा आणि पिवळा, बस. लाल क्वचित. निळी पुडी 40 ग्रॅम तरी उरली आहे आणि बहुधा माझ्या निवृत्तीपर्यंत उरेल; आंब्याच्या पिवळट अंगावर निळा मला तरी जत्रेतल्या खेळण्यासारखा वाटतो. काळ्याऐवजी सध्या दुसरा प्रयोग चालू आहे: हिरड्याचं पाणी लावायचं, वाळू द्यायचं, मग व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या लोखंडी खिळ्यांचं पाणी. हिरड्यातला तुरट अंश आणि लोखंड भेटले की लाकूड डोळ्यांदेखत काळं पडतं, जुन्या शाईसारखं. एकाच वाडग्यावर करून पाहिलंय. काळेपणा पुडीइतका धारदार नाही, कडा जरा धुरकट राहतात. पण घासल्यावर लहर उठली. बेचक्याचे आणखी चार तुकडे तोंडांना मेण फासून माळ्यावर वाळत ठेवलेत, ते दिवाळीपर्यंत तयार होतील.