कँपर घेऊन हिवाळ्यात साउथला जायचंय: फ्लोरिडा की ॲरिझोना?

शिकागो, डेट्रॉइट, मिनियापोलिस या पट्ट्यात राहणाऱ्या ज्या मराठी जोडप्यांकडे ट्रेलर किंवा छोटी मोटरहोम आहे, मुलं कॉलेजला गेलीयेत, काम रिमोट आहे नाहीतर रिटायरमेंट जवळ आलीये, त्यांच्याकडे थंडी सुरू झाली की हाच विषय निघतो. आम्ही नवराबायकोनी दोन्हीकडे हिवाळे काढलेत, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते, मग कारणं. हातात तीन-चार आठवडेच असतील तर फ्लोरिडा. दोन महिने किंवा जास्त असतील तर ॲरिझोना. आणि हे ठरवताना तापमानाचा नकाशा बघत बसू नका, तुमच्या गाडीची पाण्याची टाकी, बॅटरी आणि तुमचं कॅलेंडर बघा, खरा फरक तिथेच पडतो.

आधी रस्ता. शिकागोहून ओरलँडो साधारण ११५० मैल, आय-६५ हायवेनी नॅशव्हिल, तिथून आय-२४ नी चॅटनूगा, पुढे आय-७५. रस्ता सोपा आहे, फक्त टेनेसीत आय-२४ वर माँटीगलचा घाट लागतो तिथे ट्रेलर असेल तर उतारावर गिअर खाली घेऊन हळू या, ब्रेक दाबून धरू नका, आणि अटलांटा ऑफिसच्या वेळेत पार करायचा विचारसुद्धा करू नका. ॲरिझोनाची गोष्ट वेगळी. क्वार्टझाइट किंवा यूमापर्यंत जायचं तर १८०० मैलांच्या पुढे जातं, म्हणजे जाऊन येऊन फ्लोरिडापेक्षा निदान चौदाशे मैल जास्त. ट्रेलर ओढताना गॅलनला १० मैलच मिळतात असं धरलं तरी सव्वाशे गॅलनच्या वर जादा इंधन. तीन आठवड्यांच्या ट्रिपला हे परवडत नाही, पैशांनी नाही आणि अंगदुखीनी तर अजिबातच नाही. दोन-तीन महिने राहणार असाल तर मात्र हा खर्च कँपग्राउंडच्या भाड्यात सहज भरून निघतो, ते खाली येतंच.

ॲरिझोनाला जाताना जीपीएस तुम्हाला बहुतेक ओक्लाहोमा सिटीवरून आय-४० नी पाठवेल. जानेवारीत मी त्या रस्त्याने जाणार नाही. टेक्सासच्या वरच्या टोकाला अमारिलोच्या आसपास आडवा वारा असतो, ट्रेलर झोकांड्या खातो, आणि पुढे फ्लॅगस्टाफ जवळजवळ ७००० फुटांवर आहे, तिथे चांगला बर्फ पडतो. त्यापेक्षा ओक्लाहोमा सिटीहून खाली डॅलस, तिथून आय-२० आणि मग आय-१० नी एल पासो, लास क्रूसेस, टूसॉन असं जा. थोडं लांब पडतं पण रस्ता बराच खालून जातो. न्यू मेक्सिकोत लॉर्ड्सबर्गजवळ धुळीच्या वादळाच्या पाट्या दिसतील, त्या मनावर घ्या, वारा सुटलेला असेल तर आधीच्या गावात थांबून राहा.

आता पाइपांचं. निघताना घरी पाणी गोठवणारी थंडी, म्हणजे गाडी विंटराइज केलेली (पाइप फुटू नयेत म्हणून पाणी काढून टाकलेली), लाइनमध्ये, म्हणजे पाण्याच्या पाइपांत, आरव्हीसाठीचं (कँपर-मोटरहोमसाठीचं) गुलाबी अँटिफ्रीझ. ते तसंच ठेवून निघायचं, प्यायला-भांड्यांना जारमधलं पाणी आणि टॉयलेटला तेच अँटिफ्रीझ वापरायचं. फ्लोरिडाच्या रस्त्यावर असे एक-दोन मुक्काम काढले की जॉर्जियाच्या खाली सहसा लाइन उघडता येते. ॲरिझोनाच्या रस्त्यावर मात्र वेस्ट टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतही रात्री गोठतं, त्यामुळे तीन-चार मुक्काम नळाशिवाय. दोघांपैकी एकाला जरी हे नकोसं वाटणार असेल तर निघायच्या आधी बोलून घ्या, किंवा मधला एखादा मुक्काम मोटेलमध्ये करा, त्यात काही कमीपणा नाही. लाइन उघडल्यावर टाकी सॅनिटाइज करायला १५ गॅलनला पाव कप साधा ब्लीच, काही तास ठेवून भरपूर धुऊन काढायचं. लिथियम बॅटरी असेल तर लक्षात ठेवा की ती ३२ फॅरनहाइटच्या खाली चार्ज होत नाही, हीटर असलेली नसेल तर थंडीत उभ्या गाडीत सोलरचा काही उपयोग होत नाही. प्रोपेन मात्र त्या थंडीतही चालतं, त्याची काळजी नको.

मुक्कामाची जागा हा सगळ्यात मोठा फरक, म्हणून इथे जरा जास्त लिहिते.

फ्लोरिडाची स्टेट पार्क्स फार सुंदर आहेत, बहुतेक जागांवर वीज आणि पाणी, डंप स्टेशन (गाडीतलं सांडपाणी टाकायची जागा), गरम पाण्याचे शॉवर. पण २०२४ पासून तिथल्या रहिवाशांना बुकिंग ११ महिने आधी उघडतं आणि आपल्यासारख्या बाहेरच्यांना १० महिने आधी, त्यामुळे कीजमधल्या (फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवरच्या) बाहिया होंडासारख्या ठिकाणची जानेवारीची जागा आपल्यापर्यंत पोचेपर्यंत बरीचशी गेलेली असते. शिवाय एका पार्कमध्ये सलग १४ रात्रींची मर्यादा, म्हणजे दोन महिने राहायचं तर चार-पाच पार्कांची साखळी जुळवत बसायचं. कॅन्सलेशन येतात, रोज बघत राहिलं तर मिळतंही, पण त्यासाठी तुमच्यापैकी एकाला तो चिवटपणा हवा. माझ्या नवऱ्याकडे तो आहे, माझ्याकडे नाही. दुसरा मार्ग म्हणजे लेक ओकीचोबीला जोडलेल्या कालव्यावरची आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची कँपग्राउंड्स, ऑर्टोना किंवा डब्ल्यू. पी. फ्रँकलिन, छोटी पण नीटनेटकी. तुमच्यापैकी कोणी ६२ किंवा त्याहून मोठं असेल आणि सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर फेडरल सीनियर पासवर अशा ठिकाणी सहसा निम्मं भाडं लागतं. खासगी आरव्ही पार्क महिन्याच्या भाड्यानी मिळतात पण सीझनला महाग, काही फक्त ५५ च्या वरच्यांसाठी आणि काहींना १० वर्षांपेक्षा जुनी गाडी चालत नाही, हे फोनवरच विचारून घ्या.

ॲरिझोनात उलटं. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, म्हणजे सगळे बीएलएम म्हणतात ती, सरकारी जमीन अफाट आहे. बऱ्याच ठिकाणी बुकिंग न करता फुकट १४ दिवस राहता येतं, मग निदान २५ मैल लांब हलायचं. आणि ज्यांना हलायचं नाही त्यांच्यासाठी क्वार्टझाइटला ला पोसा आणि यूमाजवळच पण कॅलिफोर्नियाच्या हद्दीत इम्पीरियल डॅम अशा लाँग टर्म व्हिजिटर एरिया आहेत, सीझन १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, एक परमिट काढलं की अख्खा सीझन राहा, नाहीतर १४ दिवसांचं छोटं परमिट. ला पोसाला पाणी भरायची आणि डंप करायची सोय आहे. पण तुमच्या जागेवर वीज नाही, नळ नाही, काही नाही. जानेवारीत आरव्ही शोच्या वेळी क्वार्टझाइटला तुफान गर्दी होते, शांतता हवी असेल तर तेवढे दिवस टाळा किंवा ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंटच्या ट्विन पीक्स कँपग्राउंडला जा.

म्हणजे फ्लोरिडात प्लॅनिंग आधी करावं लागतं, ॲरिझोनात तिथे पोचल्यावर रोज. ४० गॅलनची टाकी दोघांना जपून वापरली तर आठवडाभर पुरते, त्यासाठी अंग ओलं करून शॉवर बंद, साबण, मग पुन्हा चालू, आणि भांडी आधी कागदानी पुसून मग धुवायची. कुकर जरूर न्या, डाळ-भात एकत्र होतो आणि गॅसही वाचतो. विजेचं म्हणाल तर डिसेंबरच्या शेवटी क्वार्टझाइटला दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून ३३ अंशांवरच असतो, त्यामुळे छतावर आडव्या बसवलेल्या पॅनेलला भरदुपारी त्याच्या ताकदीच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त मिळतं. पॅनेल तिरकं करता येत असेल तर चित्र पालटतं, म्हणून जमिनीवर ठेवायचं एखादं सुटं पॅनेल जवळ असावंच. फ्लोरिडात सूर्य तसा जास्त वर असतो, पण तुम्ही ओकच्या आणि पामच्या सावलीत असता. हीच गोष्ट स्टारलिंकची, म्हणजे सॅटेलाइट इंटरनेटची, वाळवंटात उघडं आभाळ त्यामुळे मस्त चालतं, झाडांखाली तुटत राहतं. दोघांच्याही दिवसभर मीटिंगा असतील तर हा मुद्दा मला हवामानापेक्षा मोठा वाटतो.

हवामानाचं थोडक्यात. फ्लोरिडा म्हणजे सगळीकडे उबदार हा गैरसमज आहे. जानेवारी २०२५ मध्ये पॅनहँडलमध्ये (फ्लोरिडाच्या वायव्येकडच्या पट्टीत) बर्फ पडून आय-१० चा काही भाग बंद ठेवावा लागला होता. ओरलँडोला जानेवारीत दिवसा ७० फॅरनहाइटच्या आसपास आणि रात्री ५०, कोल्ड फ्रंट आला की दोन-तीन दिवस त्याच्याही बरंच खाली. खरी ऊब हवी तर नेपल्स, एव्हरग्लेड्स, कीज. की वेस्टला रात्रीसुद्धा साठच्या वर असतं. ॲरिझोनाच्या खालच्या वाळवंटात दिवसा ६५-७०, पण सूर्य गेला की झपकन चाळिशीत उतरतं आणि फर्नेस लावावीच लागते. २०,००० बीटीयूची फर्नेस सलग चालली तर २० पाउंडांचा सिलिंडर २१ तासांत संपतो, चालू-बंद होत राहते म्हणून काही रात्री निघतात, पण दोन सिलिंडर हवेतच. टूसॉन २४०० फुटांवर आहे, क्वार्टझाइट ९०० च्याही खाली, तेवढ्यानेही रात्रीत फरक कळतो. ज्याचे सांधे दुखतात त्याला कोरडी हवा बहुतेक आवडते, ज्याची कातडी आणि नाक कोरडं पडतं तो कुरकुरतो. आणखी एक, ॲरिझोनाच्या मातीत व्हॅली फीव्हरची बुरशी असते, धुळीतून फुप्फुसात जाते. तुमच्यापैकी कोणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

फ्लोरिडाच्या बाजूनी एक गोष्ट मनापासून सांगते. ब्लू स्प्रिंग स्टेट पार्कमध्ये झऱ्याचं पाणी बारा महिने ७२ फॅरनहाइट असतं, त्यामुळे थंडी पडली की नदीतले मॅनटी, म्हणजे पाण्यात राहणारे मोठे सस्तन प्राणी, शेकड्यांनी तिथे येऊन पडून राहतात, स्वच्छ पाण्यात आई आणि पिल्लू शेजारी शेजारी दिसतात. एव्हरग्लेड्सही हिवाळ्यातच बघायचं, डिसेंबर ते एप्रिल कोरडा सीझन, डास कमी, पाणी आटून पक्षी आणि ॲलिगेटर उरलेल्या पाण्याशी गोळा झालेले. ज्यांना रोज काहीतरी बघायचंय, चालायचंय, पाण्यात उतरायचंय त्यांनी फ्लोरिडाच निवडावं, वाळवंट त्यांना दहा दिवसांत कंटाळवाणं वाटेल.

आणि ज्यांना एका जागी खुर्च्या टाकून बसायचंय, वाचायचंय, स्वयंपाक बाहेर करायचाय, त्यांना ॲरिझोना. दोन माणसं २० फुटी ट्रेलरमध्ये असली की दिवसातले किती तास बाहेर काढता येतात यावर दोघांचा मूड ठरतो हो, हे मी अनुभवानी सांगते. वाळवंटात पाऊस क्वचित, शेजारची गाडी पन्नास-शंभर फुटांवर, एकजण आत मीटिंगमध्ये असेल तर दुसरा दिवसभर बाहेर सुखानी राहू शकतो. फ्लोरिडात शेजारी अगदी जवळ, संध्याकाळी दमट, आतमध्ये काचांना ओल धरते, छोटा डीह्युमिडिफायर लागतो. गावाकडे आईबाबांना फोन करायची वेळ पण बघा, ॲरिझोना हिवाळ्यात भारताच्या साडेबारा तास मागे, म्हणजे आपले सकाळचे सात की तिकडे संध्याकाळचे साडेसात, एकदम निवांत वेळ. फ्लोरिडाहून सकाळी सातला केला तर तिकडे साडेपाच.

कागदपत्रांचा मुद्दा आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचा आहे. आय-१० आणि आय-८ च्या पट्ट्यात बॉर्डर पेट्रोलचे चेकपॉइंट असतात, तुम्ही सीमा ओलांडली नसली तरी. सिटिझन नसाल तर ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) जवळ ठेवा, घरी कपाटात नको, कायद्यानीच ते जवळ बाळगावं लागतं. यूमाहून बरेच लोक दात आणि चष्म्यासाठी सीमेपर्यंत गाडीनी आणि पुढे चालत मेक्सिकोत लॉस अल्गोडोनेसला जातात, व्हिसाचं स्टॅम्पिंग संपलेलं असेल तर परत यायचे नियम आधी नीट समजून घ्या. आणि तुमचा हेल्थ इन्शुरन्स दुसऱ्या स्टेटमध्ये इमर्जन्सी सोडून काही कव्हर करतो का हे दोन्ही ठिकाणांसाठी विचारा, एचएमओ प्लॅन (ठरावीक डॉक्टर-हॉस्पिटलांपुरता इन्शुरन्स) बहुतेक नाही करत.

अगदीच मधला रस्ता हवा असेल तर टेक्सासचा किनारा. पाड्रे आयलंड नॅशनल सीशोअरला थेट समुद्राकाठी राहता येतं, अरँसासला व्हूपिंग क्रेन हे दुर्मिळ पक्षी बघता येतात, अंतर दोन्हींच्या मधलं. पण हवा लहरी आहे, उत्तरेचा थंड वारा आला की दोन दिवस गाडीबाहेर पडवत नाही.

परतीची तारीख मात्र आत्ताच ठरवून ठेवा. मार्चच्या सुरुवातीला परत निघालात तर वर पोचेपर्यंत पुन्हा पाणी गोठवणारी थंडी, म्हणजे साउथ सोडायच्या आधी लाइन परत अँटिफ्रीझनी भरावी लागणार, त्यासाठी दोन-तीन गॅलन बरोबर ठेवा. एप्रिलच्या मध्यावर निघालात तर बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही, फक्त शेवटच्या एक-दोन रात्री फोरकास्ट बघून पाणी काढून टाकायची तयारी ठेवायची, आणि ॲरिझोनाचा परमिटचा सीझनही बरोबर तेव्हाच संपतो.