जान मोरो की कॅथरीन दनव्ह, आधी कोणाचे पिक्चर बघायचे?

जुना फ्रेंच सिनेमा बघायचाय आणि या दोघी नट्यांमध्ये अडलायत तर माझं मत आधीच सांगते, मोरोपासून सुरू करा. दनव्ह कुठे कमी आहे म्हणून नाही, पण मी उलटं केलं होतं आणि तेव्हा दनव्ह मला नुसती देखणी वाटली होती, मोरो बघून परत तिच्याकडे गेले तेव्हा कळलं की ती न बोलता किती काय काय लपवत असते.

मोरो १९२८ ची, वडील पॅरिसमध्ये रेस्टॉरंट चालवायचे, आई इंग्लंडची डान्सर. मोरो स्वतः नाटकातनं आली आणि सिनेमात खरं नाव झालं ते तिशीला आल्यावर, १९५८ च्या 'एलिव्हेटर टू द गॅलोज'मुळे. त्यात ती रात्रभर प्रियकराला शोधत फिरते ना, ते पॅरिसच्या शॉन्झेलिझे रस्त्यावर बाबागाडीत कॅमेरा ठेवून शूट केलंय, वेगळे लाइट नाहीत, एका दुकानाचा उजेड तोंडावर येतो, जातो, मग पुढच्या दुकानाचा, डोळ्याखालचा थकवा तसाच दिसतो आणि मागे जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट. मी तेवढाच भाग कितीदा लावलाय.

दनव्हला मात्र विसाव्या वर्षीच 'अम्ब्रेलाज ऑफ शेरबूर' मिळाला (१९६४). अख्खा पिक्चर गाण्यात, अगदी गॅरेजमधलं बोलणंसुद्धा, आणि भिंतींचे रंग बघाच. गळा तिचा नाहीये, दानिएल लिकारीचा आहे, म्हणजे आपल्या प्लेबॅकसारखंच. मोरोने 'ज्यूल अँड जिम'मधलं गाणं स्वतः म्हटलंय, थोडं खरखरीत आवाजात, मला ते जास्त जवळचं वाटतं.

घरच्यांबरोबर बसणार असाल तर शेरबूरच लावा, दनव्हचाच 'बेल द जूर' नको, त्यात ती दुपारी कुंटणखान्यात जाणारी बायको आहे, तो एकट्याने बघायचा. दनव्ह आवडली तर पुढे 'इंडोशिन', त्यासाठी तिला ऑस्करचं नॉमिनेशन होतं. आणि 'यंग गर्ल्स ऑफ रोशफोर' सोडू नका, त्यात तिची सख्खी मोठी बहीण फ्रान्स्वाज दोर्लेआक तिच्याबरोबर नाचलीये, १९६७ च्या मार्चमध्ये तो आला आणि जूनमध्ये फ्रान्स्वाज नीसजवळ कार अपघातात गेली, फक्त २५ वर्षांची होती. हे माहीत असताना त्या दोघींना पिवळ्या-गुलाबी ड्रेसमध्ये हसताना बघणं मला जड जातं, तरी बघते.