पुनर्विकास बिल्डरकडे द्यावा की सोसायटीने स्वतः करावा?

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात छताचा गिलावा कोसळला, तेव्हा आतल्या सळ्या इतक्या गंजल्या होत्या की बोटाने खरवडल्या तरी तांबडे पापुद्रे हातात येत होते. पुनर्विकास करायचा की नाही हा वाद त्या दिवशी मिटला आणि तो कोणाच्या पैशाने करायचा हा वाद सुरू झाला. मुंबईच्या उपनगरांतील असंख्य सोसायट्या आज याच टप्प्यावर आहेत, म्हणून दोन्ही वाटा शेजारी ठेवून पाहणे गरजेचे वाटते.

मोठी दुरुस्ती हा तिसरा पर्याय सभेत हमखास निघतो. आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीसाठी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी (पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी राखून ठेवायचा निधी) गोळा करायचे असतात. पण हा बांधकाम खर्च चाळीस वर्षांपूर्वीचा धरला जात असल्याने जमलेली रक्कम बहुधा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगलाही पुरत नाही. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तांत्रिक तपासणीत, खांब आणि तुळयाच कमकुवत निघाल्या असतील, तर या पर्यायावर वेळ दवडू नये.

बिल्डरच्या वाटेचा मोठा गुण असा की भांडवल त्याचे असते. महापालिकेचे अधिमूल्य (जादा बांधकामाच्या परवानगीसाठी भरायचे शुल्क), टीडीआरची (दुसऱ्या जागेवरच्या, विकत घेता येणाऱ्या बांधकाम हक्काची) खरेदी, सभासदांचे भाडे, बांधकाम आणि कार्पस (सोसायटीला किंवा सभासदांना द्यायचा एकरकमी निधी) हे सारे तो उभे करतो आणि बदल्यात विक्रीच्या सदनिकांचा नफा घेतो. ही वाट कायद्याने अगदीच मोकळी सोडलेली नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार विकासकाची निवड सहकार खात्याच्या निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर व्हावी लागते, प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी घ्यावी लागते आणि काम साधारण दोन, फार तर तीन वर्षांत पुरे व्हावे अशी अपेक्षा असते. तरीही ही बँक हमी कागदावरच ठेवून करारनाम्यावर सह्या करणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. बिल्डर अडला की पहिल्यांदा भाडे थांबते. गोरेगावच्या सिद्धार्थनगरातील, म्हणजेच पत्रा चाळीतील, ६७२ कुटुंबांनी २००८ च्या करारानंतर घरे रिकामी केली आणि दशकाहून अधिक काळ घराबाहेर काढला. ती जमीन म्हाडाची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, होती आणि प्रकरणही वेगळ्या प्रतीचे होते, पण घर एकदा पाडल्यावर सभासदाच्या हाती किती थोडे उरते हे तिथे दिसले.

स्वयंपुनर्विकासात विकासक सोसायटी स्वतः होते. ती वास्तुविशारद, प्रकल्प सल्लागार आणि कंत्राटदार नेमते, बँकेकडून कर्ज घेते आणि विक्रीच्या सदनिकांतून ते फेडते. उरलेला नफा मोठ्या घराच्या किंवा भक्कम कार्पसच्या रूपाने सभासदांकडेच राहतो. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, म्हणजे मुंबै बँक, अशा प्रकल्पांना कर्ज देते. १३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने जादा चटईक्षेत्र (बांधता येणारे क्षेत्र), व्याजात सवलत आणि अधिमूल्य हप्त्यांनी भरण्याची मुभा जाहीर केली. पण जी सवलत अजून मंजुरीपत्रात आलेली नाही, ती हिशेबात धरू नये असे माझे ठाम मत आहे.

निर्णय बहुतेक वेळा चुकतो तो भाड्याच्या हिशेबात. चाळीस सभासदांना दरमहा ३५,००० रुपये भाडे धरले, तर महिन्याला १४ लाख आणि तीन वर्षांत ५ कोटी ४ लाख रुपये होतात. बिल्डरच्या वाटेत हा बोजा त्याच्यावर असतो. स्वयंपुनर्विकासात ही रक्कम कर्जातूनच येते, त्यामुळे काम एक वर्ष लांबले की १ कोटी ६८ लाख रुपये आणि वर कर्जाचे व्याज सोसायटीच्याच माथी बसते. म्हणून काही सभासदांनी नातेवाइकांकडे राहून भाडे न घेण्याचे ठरवले, तर तो प्रकल्पाला मिळालेला खरा लोकनिधीच असतो, आणि त्याची नोंद सभेच्या इतिवृत्तात आदराने व्हायला हवी.

दुसरा फरक माणसांचा आहे. बिल्डरच्या वाटेत कमिटीने लक्ष ठेवायचे असते, तर स्वयंपुनर्विकासात कमिटीने काम चालवायचे असते: प्रत्येक बिल तपासणे, सिमेंट-सळईच्या दरवाढीवर कंत्राटदाराशी बोलणे, रेरा (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) खाली नोंदणी करणे आणि विक्रीतून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणे. आमच्याकडे एक निवृत्त अभियंते आणि एक लेखापाल पुढे आले, तरी दर शनिवारची बैठक कोण चालवणार यावरच गाडी तीन महिने अडली होती. चार वर्षे वेळ देणारी आणि एकमेकांवर विश्वास असणारी निदान पाच माणसे इमारतीत नसतील, तर जादा चौरस फुटांच्या आशेने ही वाट धरू नये.

जागेचाही विचार हवा. प्लॉट लहान आणि रस्ता अरुंद असेल, तर विक्रीला पुरेसे क्षेत्र उरत नाही आणि कर्ज फिटण्याचे गणितच बसत नाही. अशा वेळी शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी एकत्र येणे हिताचे ठरते. मैदान, पार्किंग आणि मलनिस्सारण यांचा विचारही मग वस्तीचा म्हणून होतो.

माझा कल स्वयंपुनर्विकासाकडे आहे, पण तीन अटींवर. मानीव अभिहस्तांतरण (मूळ मालक किंवा बिल्डर टाळत असल्यास कायद्याने होणारे जमिनीचे हस्तांतरण) होऊन जमीन सोसायटीच्या नावावर आलेली असावी, व्यवहार्यता अहवाल कोणत्याही विकासकाशी संबंध नसलेल्या वास्तुविशारदाकडून घेतलेला असावा, आणि कायद्याला ५१ टक्के संमती पुरत असली तरी प्रत्यक्षात ऐंशी टक्क्यांच्या वर सभासद मनापासून सोबत असावेत. यांतली एक जरी अट पुरी होत नसेल, तर कलम ७९अ ची प्रत्येक तरतूद पाळून आणि बँक हमी हातात पडल्याशिवाय एकही घर रिकामे न करता बिल्डरकडे जावे.