भाकरीच्या घरात लो-कार्ब: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

एप्रिलमध्ये माझं एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 6.3 आलं आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, 212. एचबीए1सी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. डॉक्टर म्हणाले, गोळीचं नंतर पाहू, आधी जेवण बदला. दिवाळीनंतरच्या तपासणीत हेच आकडे 5.8 आणि 141 आले. वजनही उतरलं, पण मला जास्त समाधान कंबरेचं आहे: 96 सेंटीमीटरवरून 89. भारतीय बायकांसाठी 80 ही धोक्याची रेषा धरतात, म्हणजे अजून वाट बाकी आहे.

मी कीटो, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद करून चरबीवर भर देणारा आहार, केला नाही. दिवसभरात कर्बोदकं 100 ते 120 ग्रॅमच्या आत ठेवली, एवढंच. आमचं घर सोलापूरचं, त्यामुळे ताटात ज्वारी असणारच. "भाकरीनं शुगर वाढत नाही" हे मला जो भेटेल तो सांगायचा. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात कर्बोदकं साधारण 70 ग्रॅम असतात आणि गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढीच. ज्वारी पौष्टिक आहे, मी ती सोडलेली नाही. पण पोळी बंद करून दोन मोठ्या भाकरी आणि वर भात खाल्ला तर रक्तातली साखर काही फारशी कमी होत नाही. हे मी ग्लुकोमीटरवर पुन्हा पुन्हा पाहिलं. तसं जेवण झालं की दोन तासांनी आकडा 170-180 दाखवायचा. एकच भाकरी, ताटाचा निम्मा भाग भरेल एवढा दोडका किंवा मेथी, शेंगाचटणी आणि घट्ट दही घेतलं की 130च्या आसपास. घरच्या मीटरमध्ये दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतं, पण एवढी तफावत त्यात मावत नाही. भाजी, कोशिंबीर, उसळ आधी खाऊन भाकरी शेवटी घेतली तरी आकडा खाली राहतो. सासूबाई सुरुवातीला "एवढ्यानं काय पोट भरतंय गं?" म्हणायच्या. आता त्याही भाजीपासून सुरुवात करतात.

खरी मेहनत प्रथिनांची आहे. भाकरी कमी केली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही, तर चार वाजता हात फरसाणाच्या डब्याकडे जातोच. आपल्याला वाटतं वरणातून प्रथिनं मिळतात. मुगाच्या डाळीत ती 24 टक्के असतात खरी, पण कर्बोदकंही साठच्या घरात असतात, आणि पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते तरी किती! म्हणून सकाळी पोह्यांऐवजी अंडी, अंडी नसतील त्या दिवशी पनीरची भुर्जी किंवा पनीर भरलेलं मुगाचं धिरडं. खर्च वाढतो, हे मोकळेपणानं सांगते.

श्रावण आणि नवरात्रात उपवासही केले. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, तो पूर्ण बंद. दही, भाजलेले शेंगदाणे, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आणि ताक यावर दिवस छान जातो.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, पायांत गोळे आले. इन्शुलिन कमी झालं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात. मीठ घातलेल्या ताकानं मला बरं वाटलं, पण ज्यांना रक्तदाबाची औषधं चालू आहेत त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी तर डोस बदलून घेतल्याशिवाय भाकरी-भात कमी करूच नये, साखर एकदम खाली जाते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांवर असताना फार कमी कर्बोदकं खाल्ली तर कीटोआम्लता (रक्तात कीटोन नावाची आम्लं धोकादायक प्रमाणात साठणं) होऊ शकते, आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्यानं ती पटकन लक्षातही येत नाही. कृपा करून हे हलक्यानं घेऊ नका.

एक आकडा मात्र माझ्या मनाविरुद्ध गेला. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 112 वरून 131 झालं. जेवणात तूप आणि पनीर दोन्ही वाढलं होतं. आता तूप एका चमच्यावर आणलंय, पनीर आठवड्यातून दोनदाच, बाकीच्या दिवशी अंडी, मटकी आणि जवसाची चटणी. फेब्रुवारीत पुन्हा रक्त तपासणार आहे, आणि एलडीएल उतरलं नाही तर पुढचं डॉक्टर सांगतील तसं.