चाळीस गोधड्या गेल्या, पैसे गेले, वर ऐकवलं – "माल तो मिल गया ना?"

इंदूरच्या, तसंच देवास, उज्जैन, धारकडच्या मराठी महिला मंडळांनी हे जरूर वाचावं. तुमच्या गोधड्या धर्मादाय प्रदर्शनात विकून देतो, परदेशातल्या मराठी मंडळांपर्यंत पोचवतो, असं सांगत एक माणूस फिरतोय. आमच्या मंडळाला त्याने बुडवलं. मराठी स्वच्छ, कपडे साधे, दर वाक्याला 'ताई' आणि 'सेवा'. नाव लिहीत नाही, कारण त्याने सांगितलेलं नाव त्याचं नव्हतंच.

आकडे आधी. एका गोधडीचं सामान ७४० रुपयांचं: वरच्या थराचे तुकडे, खालचं मांजरपाट, काठाची पट्टी आणि दोरा. आतले थर जुन्या सुती साड्यांचे, घरोघरचे, त्यांचे पैसे धरलेलेच नाहीत. चाळीस गोधड्यांचे २९,६०० झाले. 'कस्टम आणि विम्याची अनामत, परत मिळणारी' म्हणून नगाला ६५०, म्हणजे २६,०००. वाहतूक ४,८००. एक मोठी गोधडी सोडतीत काढू म्हणून ५० रुपयांची ३१८ कुपनं आमच्याकडून खपवून घेतली, ते १५,९०० पण त्याच्याच खात्यात गेले. एकूण ७६,३००. त्यातले ९,६०० परत आले, आणि सगळी गोम त्या ९,६०० मध्येच आहे.

मजुरी कुठेच धरलेली नाही. ६० बाय ९० इंचांची गोधडी, धावदोऱ्याच्या फेऱ्यांत एक इंच अंतर, म्हणजे साधारण ५,४०० इंच शिवण, जवळजवळ १३७ मीटर. सराईत हात तासाला १८० इंच जातो, तोही डोळे आणि मनगट साथ देत असतील तर. हे झाले तीस तास. तुकडे धुणं, इस्त्री, जोडणं, थर अंथरून कच्चे टाके घालणं यांचे आठ-दहा वेगळे. चाळीस गोधड्या म्हणजे दीड हजार तासांच्या वर काम. विक्रीचे पैसे थॅलेसेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या, मुलांसाठी होते. त्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर वापरला तर ताप-थंडीचा त्रास कमी होतो. तो फिल्टर घ्यायचा होता. चोराला हे सगळं माहीत होतं.

पद्धत नेहमीचीच, तिच्यावर फार लिहीत नाही. एका खऱ्या ट्रस्टच्या नोंदणीचे आणि ८०जी प्रमाणपत्राचे कागद, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. प्रमाणपत्र अस्सल होतं. खोटा होता तो माणूस. ८०जीचा कागद फक्त एवढंच सांगतो की त्या संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत आहे. समोर बसलेला माणूस त्या संस्थेचा आहे की नाही, हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. शिवाय गोधडी विकत घेणं म्हणजे देणगी नव्हे, बदल्यात वस्तू मिळते. 'खरेदीदाराला ८०जीची पावती मिळेल' असं कुणी म्हणालं की तिथेच चहा आवरा. आणि पैसे पाठवताना यूपीआयवर संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव आलं, तर 'खजिनदारांचं खातं आहे' हे उत्तर ऐकून घेऊ नका. आम्हाला हेच उत्तर मिळालं होतं.

आता ते नमुन्याचं. 'अशीच गोधडी दुबईत ९,५०० ला गेली' म्हणून त्याने एक गोधडी आणून टेबलावर पसरली. रंग छान, बाग प्रिंटसारखे (धारकडच्या बाग गावची ठशांची छपाई) लाल-काळे चौकोन. सगळ्यांनी हात फिरवला. गोधडी शिवणाऱ्या बायकांचे हात ते! तुकडे जोडले की आत पाव इंच माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, राहते. ती इस्त्रीने एका बाजूला पाडली, कितीही दाबली, तरी बोटाला कड लागतेच. इथे एकही कड लागत नव्हती. चौकोन जोडलेले नव्हते, अख्ख्या कापडावर छापलेले होते. एकीने तसं म्हटलंसुद्धा: "शिवण हाताला लागत नाही हो." तो हसला आणि म्हणाला, "एक्सपोर्ट फिनिश आहे ताई, रोलर प्रेस मारलाय." झालं. त्याच वेळी गोधडी उलटी करून पाहायची होती. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा, एक वरचा, एक बॉबिनचा. दोन्ही बाजूंना टाक्याला टाका लागून सलग रेघ दिसते. हाताचा धावदोरा एकाच दोऱ्याचा: वर टाका तिथे खाली मोकळं, खाली टाका तिथे वर मोकळं. तरीही शंका राहिली तर एक टोक उसवून हलकेच ओढायचं. हाताचा दोरा सरकत बाहेर येतो, मशीनचा दोन-चार टाक्यांवर अडतो. अर्ध्या मिनिटाचं काम. पण डोळे त्या फोल्डरवर होते. ज्यातलं आपल्याला कळतं ते बाजूला ठेवून, ज्यातलं काही कळत नाही त्या कागदांवर चर्चा चालली होती. हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

'तुम्ही शिकलेल्या बायका, कशा काय फसलात' असं विचारणाऱ्यांना एकच सांगायचं आहे. चार गोधड्या विकल्या म्हणून नगाला २,४०० प्रमाणे ९,६०० रुपये, सांगितलेल्या तारखेला, खात्यात जमा झाले. तेव्हा अनामत भरलेली नव्हती, कुपनं छापलेली नव्हती. आधी पैसे देणाऱ्यावर संशय कोण घेतं? ते ९,६०० म्हणजे आमच्याच पुढच्या पैशांसाठी टाकलेला गळ होता, हे नंतर कळलं. पहिली विक्री पटकन झाली आणि लगेच मोठी मागणी आली, की दुसरी खेप थांबवा. मागणी खरी असेल तर महिनाभर थांबेल.

मग चौदा 'न विकलेल्या' गोधड्यांचं पार्सल आलं. उघडलं तर त्यातली एकही आमची नाही. छापील चौकोन, सरळ मशीनच्या रेघा, काठाला पॉलिस्टर पट्टी. वजन काट्यावर टाकलं. चार थर जुन्या साडीचे, वर-खाली नवं सुती कापड अशी आमची गोधडी दीड किलोच्या आसपास भरते. या किलोभरसुद्धा नव्हत्या. कड उसवली तर आत करड्या रंगाचा पिंजलेला भुसा, चिंध्यांचा पुन्हा काढलेला. चिमूटभर चिमट्यात धरून जाळला. सूत कागदासारखं जळतं, तसाच वास, मागे हलकी राख उरते. हा वितळला, काळा धूर निघाला आणि टोकाला कडक मणी झाला. उरलेल्या बावीस गोधड्यांचा पत्ता नाही. अनामत कस्टममध्ये अडकली म्हणे, आणि फोन बंद.

इथून पुढचा छळ वेगळाच. पोलीस ठाण्यात दोन्ही गोधड्या नेऊन बाजूबाजूला ठेवल्या, एक आमच्याकडे उरलेली, एक पार्सलातली. साहेबांनी पेनाच्या टोकाने दोन्ही उचलून पाहिल्या. "मैडम, माल तो मिल गया ना? रजाई तो रजाई है." दुबईत ९,५०० ला जाणारी आणि फुटपाथवर ३०० ला मिळणारी, कायद्याला दोन्ही सारख्या. टाक्याचा फरक दाखवला तर म्हणे हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. जाळून दाखवते म्हटलं तर काडी पेटवू दिली नाही, ते एक वेळ समजू शकतं. पण नंतर कुपनांचा विषय निघाला आणि साहेब एकदम जागे झाले: "किसकी परमिशन से बेचे?" म्हणजे चाळीस गोधड्या नेणारा मोकळा आणि आम्ही विनापरवाना लॉटरीच्या आरोपी! गंमत म्हणजे तेवढं एक त्यांचं बरोबर होतं. सरकारी परवानगीशिवाय पैसे घेऊन सोडत काढणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, मग कारण कितीही पुण्याचं असो. मंडळांनी हळदीकुंकवाच्या समारंभातही पैशाची कुपनं विकू नयेत. चोरानेच ती विकायला लावली, का ते उघड आहे: तक्रार करायला गेलं की आपलेच पाय अडकतात.

बँकेत गेलो तर 'पिन तुम्हीच टाकलात'. खरं आहे. ज्या खात्यात पैसे गेले ते निदान गोठवा म्हटलं, तर एफआयआरची प्रत आणा. ठाण्यात म्हणतात आधी बँकेचं पत्र आणा. ज्या ट्रस्टचे कागद वापरले, त्यांनी फोनवर हळहळ व्यक्त केली, पण 'हा माणूस आमचा नाही' एवढं एक वाक्य लेटरहेडवर द्यायला नकार. त्यांची बदनामी होईल म्हणे. उद्या त्याच कागदांवर दुसऱ्या गावचं मंडळ बुडेल, त्याने होत नाही वाटतं? ऑनलाइन तक्रार केली, तिची स्थिती 'प्रक्रियाधीन'. ती पाहायला आता कुणी उघडतही नाही.

म्हणून ऐका. पैसे गेल्याचं कळताच, 'बघू, उद्या फोन लागेल' न म्हणता, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा; पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच अडवता येतात. ठाण्यातल्या अर्जात नुसतं 'फसवणूक' लिहू नका, 'विक्रीसाठी विश्वासाने सोपवलेला माल' हे शब्द हवेत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ शिवाय विश्वासघाताच्या कलम ३१६ चाही विचार होऊ शकतो. एफआयआर घेतला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना लेखी, पोस्टाने पाठवा. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक. इंदूर शहरात डिसेंबर २०२१ पासून आयुक्तालय आहे, तिथे उपायुक्त. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. तोंडी विनवण्यांना कुठेच नोंद नसते.

आणि माल देताना. प्रत्येक गोधडीचे दोन्ही बाजूंचे फोटो, वर मोजपट्टी ठेवून. प्रत्येकीचं वजन. काठाची पट्टी दुमडण्याआधी तिच्या आत लाल दोऱ्याने क्रमांक भरा. वरून दिसत नाही, उसवल्याशिवाय काढता येत नाही. चलन दोन प्रतींत, त्यात क्रमांक, वजन, टाका हाताचा की मशीनचा, कापड कोणतं, आणि घेणाऱ्याची सही. 'हा माल तुमचाच कशावरून?' या प्रश्नाला आमच्याकडे फोटोंशिवाय उत्तर नव्हतं, आणि फोटो होते पुढच्या बाजूचे. एका वेळी पाचाच्या वर नग देऊ नका. त्यांचे पैसे आले की पुढचे पाच. विकून देणारा कमिशन विक्रीतून कापतो, आधी मागत नाही. अनामत घ्यायची तर ती आपण त्याच्याकडून, माल त्याच्याकडे जातोय.

बावीस गोधड्या अजून कुठेतरी आहेत. ओळख अशी: काठ जुन्या महेश्वरी साड्यांचे, जर थोडी काळवंडलेली. मागे पिवळसर मांजरपाट. चारही कोपऱ्यांत घडी घातलेला त्रिकोण. धावदोरा लाल, कडेपासून फेऱ्याफेऱ्यांनी आत जाणारा, मध्यभागी तुकड्याखाली गाठ लपवलेली. इंदूरच्या गांधी हॉलला, क्लॉथ मार्केटच्या आसपास किंवा कुठल्याही प्रदर्शनात अशी दिसली तर घासाघीस करत बसू नका. उलटून मागच्या बाजूचा फोटो काढा, बिल मागा, आणि बिल दिलं नाही तर स्टॉलचा क्रमांक लिहून घ्या.