इंजेक्शन की ऑपरेशन? प्रोस्टेट कॅन्सरमध्ये हार्मोन थांबवताना

प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी बहुधा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसल्या जातात. हा पुरवठा तोडला की गाठी आकसतात, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांनी रुग्णांची वृषणं काढली होती. आज तेच काम औषधंही करतात, म्हणून घरात वाद सुरू होतो.

ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन साधारण दर तीन महिन्यांनी घेतात. मेंदूतून सुटणाऱ्या एलएचआरएच या हार्मोनची ती नक्कल आहे. खरा हार्मोन थांबून थांबून सुटतो, इंजेक्शनचा मारा मात्र अखंड असतो. त्यामुळे वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी आधी खवळते आणि तीन-चार आठवड्यांत गप्प होते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं. कॅन्सर मणक्यात असेल तर हाडदुखी वाढू शकते, मज्जारज्जूवर दाब येऊन पायांतली ताकदही जाऊ शकते. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणाऱ्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या देतात. पहिल्या इंजेक्शनाआधी या गोळ्यांबद्दल विचाराच.

डेगारेलिक्स हे इंजेक्शन पिट्युटरीचा दरवाजा थेट बंद करतं. उसळी नाही, साधारण तीन दिवसांत परिणाम. पण ते महिन्याला घ्यावं लागतं आणि पोटावर टोचलेली जागा बऱ्याच जणांची सुजते, दुखते. रेलुगोलिक्स ही त्याच जातीची रोजची गोळी. गोळ्या चुकवणाऱ्या माणसासाठी ती नको.

वृषणं काढण्याचं ऑपरेशन छोटं असतं, कमरेत भूल देऊन होतं आणि टेस्टोस्टेरॉन काही तासांत खाली येतं. पुढे तारीख चुकण्याची भीती नाही, दर खेपेचा खर्च नाही, एसटीने तालुक्याहून शहर गाठणं नाही. पण ते परत फिरवता येत नाही.

म्हणून डॉक्टरांना आधी विचारायचं ते हे: हार्मोन किती काळ थांबवायचा आहे? रेडिएशनच्या जोडीला सहा महिने ते तीन वर्षं, एवढंच असेल तर औषधच घ्या. औषध थांबल्यावर टेस्टोस्टेरॉन हळूहळू परत येतं, वयस्कर माणसात कधी कधी पुरतं येत नाही. कॅन्सर हाडांत पसरला असेल तर उपचार सहसा आयुष्यभराचा असतो, आणि तिथे ऑपरेशनला ‘गरिबांचा उपाय’ म्हणून बाजूला सारणं मला अजिबात पटत नाही. टेस्टोस्टेरॉन खाली आणण्यात ते इंजेक्शनाच्या तोडीचं आहे. वृषणांची पिशवी रिकामी दिसू नये म्हणून वृषणाचं वरचं आवरण ठेवून फक्त आतला भाग काढण्याची पद्धतही आहे. मात्र हा निर्णय मुलांनी केबिनबाहेर उरकू नये. शरीर वडिलांचं आहे, त्यांच्याशी मोकळेपणाने बोला.

हृदयविकार असेल तर? रेलुगोलिक्सच्या २०२० मधल्या अभ्यासात ल्युप्रोलाइडपेक्षा हृदयाचे गंभीर त्रास कमी दिसले. डेगारेलिक्सची ल्युप्रोलाइडशी तुलना करणाऱ्या २०२१ मधल्या अभ्यासात असा स्पष्ट फरक दिसला नाही. तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांचं मत घ्या.

अंगातून वाफा निघणं, कामेच्छा जाणं, स्नायू झडणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं हे कुठल्याही मार्गाने गेलात तरी येऊ शकतं. सुरुवातीलाच डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. रोजचं चालणं आणि थोडं वजन उचलणं चालू ठेवा, पण हाडांत कॅन्सर असेल तर किती वजन चालेल ते आधी विचारून.